सेल फुटला नाही, हीच काळजीची बाब

मुलाने घड्याळातला चपटा सेल गिळला की घरात पहिला प्रश्न बहुधा हाच निघतो: फुटलेला होता का? अख्खा होता म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन दिवसांत शीवाटे पडून जाईल, केळी खायला द्या, असा सल्लाही लगेच मिळतो. मणी किंवा सीताफळाची बी गिळली असती तर हा हिशेब बहुतेक वेळा जमला असता. 3 व्होल्टच्या सेलला तो लागू पडत नाही. या सेलची मुख्य इजा आतलं रसायन गळून होत नाही. सेल शाबूत असतो, चालू असतो, म्हणून ती होते.

सेलवर सीआर2032 असं काहीतरी कोरलेलं असतं. सी म्हणजे लिथियम–मँगनीज डायऑक्साइड जातीचा, आर म्हणजे गोल, 20 हा मिलिमीटरमधला व्यास आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. आयात होऊन येणाऱ्या स्वस्त मालात हे सेल ढिगाने असतात: लुकलुकणाऱ्या राख्या, एलईडी पणत्या, वाजणारी पुस्तकं, उघडल्यावर गाणारी शुभेच्छापत्रं, चिमुकले रिमोट. काहींत एलआर44 जातीचे 11.6 मिलिमीटरचे, दीड व्होल्टचे छोटे सेल असतात. तेही निरुपद्रवी नाहीत, पण लहान मुलांमधल्या अतिशय गंभीर इजांमागे बहुतेक 20 मिलिमीटरचा लिथियम सेलच सापडतो. त्याची कारणं दोन. एक, पाच-सहा वर्षांखालच्या मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. दोन, त्याचा विद्युतदाब 3 व्होल्ट आहे, आणि पाण्याचं विघटन करायला सिद्धांताप्रमाणे 1.23 व्होल्ट पुरतात.

आता खरी गंमत, म्हणजे रसायनातली. अन्ननलिका रिकामी असते तेव्हा ती नळासारखी गोल उघडी नसते, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली असते. सेल या दोन भिंतींच्या सँडविचमध्ये आडवा बसतो. त्याची एक बाजू ऋण, दुसरी धन, आणि दोन्हींना जोडणारी ओली, खारट ऊती. टेबलावर ठेवलेल्या सेलमधून प्रवाह वाहत नाही, कारण विजेचं मंडल (सर्किट) अपुरं असतं. इथे शरीरच ते पुरं करतं. ऋण बाजूकडून आलेले इलेक्ट्रॉन पाण्याला मिळतात: पाण्याचे दोन रेणू आणि दोन इलेक्ट्रॉन यांपासून हायड्रोजन वायूचा एक रेणू आणि हायड्रॉक्साइडचे दोन आयन. हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोड्याचा दाहक भाग, आणि ऊतीत सोडियम भरपूर आहेच.

किती तयार होतो? प्रवाह 5 मिलिअँपिअर धरू आणि वेळ एक तास. 0.005 गुणिले 3600, म्हणजे 18 कूलोम विद्युतभार. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार 96,500 कूलोम, म्हणून सुमारे 0.19 मिलिमोल हायड्रॉक्साइड. कॉस्टिक सोड्याच्या हिशेबात साडेसात मिलिग्रॅम. हे किरकोळ वाटेल, पण ते सगळ्या शरीरात पसरत नाही, सेलखालच्या ओलाव्यात साठतं. एक मिलिलिटर द्रवात ते मिसळलं आणि ऊतीने काहीच शोषलं नाही असं मानलं, तर सामू म्हणजे पीएच 13 च्या पुढे जातो. प्रत्यक्षात ऊती थोडं शोषून घेतात, पण मोजमापांतही सामू 10 ते 13 असा चढलेला आढळतो. आम्लाने भाजलं तर प्रथिनं गोठतात, खपली धरते आणि आम्लाची पुढची वाट थोडी अडते. अल्क, म्हणजे हायड्रॉक्साइडसारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, मात्र प्रथिनं विरघळवतो, चरबीचा साबण करतो आणि खोल उतरत राहतो. म्हणून दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, आणि सेल काढल्यावरही ती काही दिवस, कधी आठवडे, पसरत राहते. अन्ननलिकेच्या पुढे श्वासनलिका आहे आणि महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, शेजारून जाते. तिथपर्यंत भोक पडलं तर रक्तस्राव जीवघेणा ठरतो.

हे घरी बघता येतं, मोठ्यांनीच करून. अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घाला आणि चिमूटभर हळद. उकडलेल्या बटाट्याच्या दोन चकत्या त्यात भिजवून सीआर2032 सेल मधे दाबून ठेवा. अधिक चिन्ह असलेली, रुंद बाजू धन. दुसरी, कडेला बारीक फट असलेली, ऋण. दहा-पंधरा मिनिटांनी ऋण बाजूच्या चकतीवर बुडबुडे आणि लाल डाग दिसेल. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, तोच हा रंगबदल. धन बाजूला आम्लता वाढते, मिठातला क्लोरीन सुटतो आणि पोलाद गंजून काळपट होतं. बटाट्याऐवजी कोंबडीचा तुकडा घेतला तर तास-दोन तासांत जळका खड्डाच पडतो. रिमोट चालेना म्हणून काढलेला ‘संपलेला’ सेल घेऊन हाच प्रयोग करा. डाग तरीही पडेल, कारण रिमोटला तो कमी पडत असला तरी पाणी फोडण्याएवढा दाब त्यात बहुधा उरलेला असतो.

इथे ‘चायनीज माल विषारी’ या आरोळीबद्दल एक शब्द. सेलच्या बाबतीत ती उफराटी आहे. नामांकित कंपनीचा ताजा, दमदार सेल घशात अडकला तर तोही भाजतोच, आणि रद्दी सेलपेक्षा जास्त भाजतो. आयात मालातला खरा दोष सेलमध्ये शोधू नका, झाकणात शोधा. एलईडी पणतीच्या बुडाचं झाकण नखाने निघतं. राखीत तर अनेकदा झाकणच नसतं, प्लास्टिकच्या चिमुकल्या वाटीत सेल नुसता दाबून बसवलेला असतो.

भारतात खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 सालचा, तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. त्यानुसार देशी असो वा परदेशी, खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यावर आयएस 9873, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यावर आयएस 15644 हा क्रमांक असतो आणि चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. न आल्यास चिन्ह खोटं समजा. पण आदेश खेळण्यांपुरता आहे, म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेल्या वस्तूंपुरता. पणती, शुभेच्छापत्र, रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा ही खेळणी नव्हेत. ऑस्ट्रेलियाने 22 जून 2022 पासून या सेलवर चालणाऱ्या सर्वच ग्राहक वस्तूंना सुरक्षित झाकणाची अट घातली. आपल्याकडे ही फट बुजलेली नाही, तेव्हा झाकण स्वतःच तपासायचं. ते स्क्रूने बंद हवं, किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडायला नको. स्क्रू सैल केल्यावर झाकणातच अडकून राहिला तर उत्तम, कारण सुटा स्क्रू हरवतो आणि मग झाकण चिकटपट्टीवर येतं. वस्तू टेबलाच्या उंचीवरून फरशीवर चार-पाच वेळा पाडा. सेल बाहेर आला तर ती वस्तू घरात नको.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी एक्स-रे. लाळ गळणं, खायला नकार, खोकला एवढंच दिसतं आणि ते सर्दीवर खपून जातं, कधी काहीच दिसत नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेत गिळलेल्या नाण्याची एकच कड दिसते, सेलला आत दुसरं वर्तुळ असतं. बाजूने काढलेल्या एक्स-रेत सेलच्या कडेला पायरी दिसते आणि पायरीची अरुंद बाजू ऋण. ती जिकडे तोंड करून आहे तिकडे जखम खोल, हे डॉक्टर त्यावरून ओळखतात.

उलटी काढायची नाही. केळी, पोळी, लिंबूपाणी काहीही द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागते. अपवाद एकच, मध. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि 12 तास उलटले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर 10 मिनिटांनी दोन चहाचे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. मध घट्ट असल्याने सेल आणि भिंत यांच्यात थर धरतो आणि स्वतः आम्लधर्मी असल्याने थोडा अल्क मारतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगांत हे दिसलं. याला आजीबाईच्या बटव्याचा विजय म्हणू नका. मध फक्त वेळ मिळवून देतो, सेल दुर्बिणीनेच काढावा लागतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. सेल नाकात किंवा कानात असेल तर थेंब घालू नका, द्रव वाढला की प्रवाहही वाढतो.

वस्तूतून काढलेला जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून बरणीत ठेवा आणि बरणी भरली की ई-कचऱ्यात द्या.