जनावरं पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांचं रिफ्लेक्टर जॅकेट

भटकी कुत्री पकडणं, रस्त्यात ठाण मांडून बसलेली मोकाट गुरं हलवणं, गाडीने उडवलेलं जनावर उचलणं, कुणाच्या घरात शिरलेला साप बाहेर काढणं ही कामं बऱ्याच ठिकाणी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या प्राणी नियंत्रण विभागाकडे असतात. या विभागातली माणसं ड्युटीवर जे भडक रंगाचे आणि चमकत्या पट्ट्यांचे कपडे घालतात त्यांना हाय-व्हिजिबिलिटी किंवा नुसतं हाय-व्हिज कपडे म्हणतात, त्यात जॅकेट, बिनबाह्यांची बंडी, पँट, रेनकोट सगळं आलं. बोलताना मात्र सगळे सरसकट रिफ्लेक्टर जॅकेटच म्हणतात, आणि त्यावरच्या रुपेरी पट्टीला रेडियम. हे रेडियम तसं चुकीचं आहे. खरं रेडियम हे क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं किरणोत्सर्गी मूलद्रव्य, त्याचा रंग पूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायचे आणि तो अंधारात आपणहून चमकायचा. जॅकेटच्या पट्टीत ते औषधालाही नसतं आणि ती आपणहून चमकतही नाही, तिच्यावर कुणीतरी लाइट टाकावा लागतो. शब्द चुकला म्हणून काही बिघडत नाही, पण त्यामागची समजूत चुकली की बिघडतं, म्हणजे हेडलाइटच्या झोताबाहेर बसलेल्या माणसाला वाटत राहतं की आपण चमकतोय, आणि गाडीवाल्याला तिथे काहीच दिसत नसतं.

या कपड्यांबद्दल पहिली गोष्ट ही की ते जनावरं पकडणाऱ्यांसाठी बनलेच नव्हते. रेल्वे आणि रस्त्याची कामं करणाऱ्यांसाठी ते आले आणि तिथून बाकी सगळ्यांनी उचलले. रस्त्यावरचा कामगार बराचसा उभा असतो, एका जागी असतो, आजूबाजूला ट्रॅफिकचे कोन लावलेले असतात. कुत्र्यामागे धावणारा माणूस यातलं काहीच करत नाही, तो वाकतो, गुडघ्यावर बसतो, उभ्या गाडीखाली अर्धा शिरतो आणि मध्येच कुठलाही इशारा न देता रस्ता ओलांडतो, कारण कुत्र्याने ओलांडला. त्यामुळे जॅकेट तेच असलं तरी इथे ते वेगळ्या पद्धतीने निवडावं आणि वापरावं लागतं.

रंग आणि पट्टी

जॅकेटमध्ये दोन वेगळी तंत्रं एकत्र शिवलेली असतात आणि दोघांची ड्युटी वेगळी. कापडाचा फ्लोरोसंट रंग दिवसपाळीला, रुपेरी पट्टी रात्रपाळीला.

फ्लोरोसंट रंग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण आणि थोडा निळा प्रकाश शोषून घेतो आणि तोच पिवळ्या-हिरव्या किंवा केशरी प्रकाशाच्या रूपात परत फेकतो. म्हणजे साध्या रंगापेक्षा त्याच्याकडून जास्त उजेड येतो, म्हणून तो आतून पेटल्यासारखा वाटतो. ढगाळ दिवशी आणि सूर्य उगवायच्या-मावळायच्या वेळी बाकी रंग मळकट होतात तेव्हा हा उठून दिसतो, आणि भटक्या जनावरांच्या तक्रारींसाठी बाहेर पडायची वेळही बऱ्याचदा तीच असते. पिवळसर हिरवा रंग जास्त चालतो त्याला कारण आहे, दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि हा रंग त्याच पट्ट्यात पडतो. पण झाडीत, गवतात, शेताच्या कडेला काम असेल तर हाच रंग हिरवळीत मिसळतो, तिथे केशरी बरा. बेशुद्धीचं औषध भरलेली डार्ट मारायची असेल तेव्हा तर आपली माणसं कुठे उभी आहेत हे मारणाऱ्याला एका नजरेत कळलंच पाहिजे, तिथे रंगाच्या बाबतीत चालढकल नको.

रात्री मात्र हा रंग संपला. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली त्याला शोषायला अतिनील किरणच मिळत नाहीत, मग तो साध्या फडक्यासारखा दिसतो. तिथून पुढे पट्टीचं काम. पट्टीत केसाच्या जाडीपेक्षाही बारीक काचेचे लाखो मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म लोलक बसवलेले असतात आणि ते आलेला प्रकाश इकडे तिकडे न उधळता जिथून आला तिथेच परत पाठवतात. गाडीवाल्याचे डोळे त्याच्या हेडलाइटच्या जवळच असतात म्हणून पट्टी त्याला पेटलेली दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला राखाडी. मांजराच्या, कुत्र्याच्या, गाईच्या डोळ्यात पडद्यामागे जो चमकणारा थर असतो (टेपेटम ल्युसिडम) तोही असाच उजेड मागे फिरवतो. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या चमकत्या खुंट्यांचं पेटंट घेतलं आणि त्यांना नावच कॅट्स आय पडलं. म्हणजे जनावर पकडायला गेलेला माणूस आणि ते जनावर रात्री टॉर्चसमोर जवळपास एकाच कारणाने चमकत असतात, गंमतच आहे.

या पट्टीचा एक त्रास जो फक्त फील्डवर कळतो. डोक्याला टॉर्च बांधून दोघं काम करत असतील तर पुढच्याची पाठ मागच्याला इतकी झगझगीत दिसते की तिच्या शेजारी अंधारात बसलेलं जनावर दिसेनासंच होतं. फोटोतही तेच, फ्लॅश मारला की पट्ट्या पांढऱ्याफेक आणि पिंजऱ्यातलं कुत्रं काळं, मग नोंदीसाठी काढलेला फोटो काही कामाचा राहत नाही. उपाय साधाच आहे, टॉर्च कपाळावरून काढून हातात खाली धरायची, कारण डोळ्यापासून दिवा लांब गेला की पट्टीचा झगझगाट बराच उतरतो.

थोडा इतिहास

भडक फ्लोरोसंट रंग अमेरिकेतल्या बॉब आणि जोसेफ स्विट्झर या भावांनी १९३० च्या दशकात विकसित केले, पुढे त्यांच्या कंपनीचं डे-ग्लो हे नाव त्या रंगांनाच चिकटलं. कामगारांच्या अंगावर ते ठळकपणे आले १९६४ मध्ये, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोमधल्या विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गावर रुळांची कामं करणाऱ्यांना केशरी जॅकेट दिली गेली तेव्हा, कारण विजेच्या गाड्या वेगाने आणि कमी आवाजात यायच्या. त्या जॅकेटना फायरफ्लाय म्हणजे काजवा म्हणायचे.

मानकं नंतर आली. युरोपात ईएन ४७१ हे १९९४ मध्ये, अमेरिकेत अँसी १०७ हे १९९९ मध्ये, आणि २०१३ मध्ये आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकाने युरोपातल्या जुन्या मानकाची जागा घेतली. अमेरिकेत केंद्राच्या निधीतल्या हायवेंच्या हद्दीत काम करणाऱ्यांना २४ नोव्हेंबर २००८ पासून असे कपडे सक्तीचे झाले, आणि सक्ती कामानुसार नाही, जागेनुसार होती, म्हणजे खड्डा बुजवायला आला काय की मेलेलं हरीण उचलायला आला काय, रस्त्यात उभा आहे ना मग घाल.

कुठला क्लास घ्यायचा

आयएसओ २०४७१ मध्ये कपड्यांचे तीन क्लास आहेत आणि ते कापड किती आणि पट्टी किती यावर ठरतात. क्लास १ ला फ्लोरोसंट कापड किमान ०.१४ चौरस मीटर, क्लास २ ला ०.५० आणि क्लास ३ ला ०.८० लागतं, पट्टी अनुक्रमे ०.१०, ०.१३ आणि ०.२० चौरस मीटर. पट्टीची रुंदी किमान ५० मिलीमीटर. आपण ज्याला बंडी म्हणतो ती नीट मापाची असेल तर साधारण क्लास २ मध्ये बसते. क्लास ३ ला नुसत्या धडावर भागत नाही, बाह्या किंवा पूर्ण पायाची पँट आणि त्यावर पट्ट्या लागतात.

कागदावर बंडी पुरेशी वाटते, पण वाकून पिंजऱ्याचं दार लावणारा माणूस डोळ्यासमोर आणा. कमरेची पट्टी पोटाच्या घडीत गेली, छाती जमिनीकडे, समोरून येणाऱ्या गाडीला दिसतात फक्त खांदे आणि डोकं, मागून येणाऱ्याला दिसतात पँटचे पाय जे बहुतेक वेळा खाकी किंवा काळे असतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे आलेली असते, त्यामुळे हे माणूस आहे की कचऱ्याची पिशवी या विचारात घालवलेला एक सेकंदसुद्धा महाग पडतो. म्हणून या कामाला खांद्यावरून जाणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि घोट्या-गुडघ्याजवळच्या पट्ट्या असलेली पँट यांना बंडीपेक्षा जास्त किंमत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. याला संशोधनाचा आधारही आहे, स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की अंधारात नुसत्या सांध्यांवर लावलेले उजेडाचे ठिपके हलताना दिसले तरी बघणाऱ्याला ते चालणारं माणूस आहे हे झटकन ओळखू येतं. धडावरची पट्टी सांगते की इथे काहीतरी आहे, मनगट आणि घोट्यावरची सांगते की माणूस आहे.

आणि बंडीची चेन. उकडतं म्हणून बंडी उघडी टाकून फिरणारे खूप असतात, उघड्या बंडीचं पुढचं अर्धं कापड मागे उडतं आणि पट्टी मध्येच तुटते. जाळीच्या कापडाची हलकी बंडी देणं हा ओरडत बसण्यापेक्षा बरा उपाय.

जनावराला काय दिसतं

एवढा भडक माणूस बघून कुत्रं आधीच पळणार नाही का, हा प्रश्न सगळेच विचारतात. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक ४३० नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसऱ्या ५५५ च्या आसपास. म्हणजे निळा आणि पिवळा कळतो पण हिरवा, केशरी, लाल यातला फरक धड कळत नाही, लाल-हिरव्याचं रंगांधत्व असलेल्या माणसासारखं. आपला पेटलेला केशरी त्याला मळकट पिवळा दिसत असणार, गवतापासून फारसा वेगळा नाही. गाईबैलांचंही तसंच, त्यांनाही दोनच प्रकार. त्यामुळे रंगाने काम बिघडत नाही. बिघडतं ते फडफडीने आणि आवाजाने. रेनकोटच्या कापडाची चुरचुर, वाऱ्यावर उडणारी बंडीची टोकं, बकलचा खणखणाट यांना कुत्रं आपल्या आधी टिपतं. गुरांच्या हाताळणीवर आयुष्यभर काम केलेल्या टेम्पल ग्रँडिन यांनी हे पुन्हा पुन्हा मांडलंय की कुंपणावर टांगलेला कोट, लोंबणारी साखळी, पाण्यावरची चमक असल्या क्षुल्लक गोष्टींनी गुरं जागच्या जागी थबकतात. उजेड आणि सावली यातला ठळक फरकही त्यांना खटकतो, आणि गडद कापडावर चकाकणारी पट्टी म्हणजे तेच.

कुत्री जॅकेट ओळखतात हे मात्र पकडणारे नेहमी सांगतात. गाडी, वास, काठी आणि जॅकेट यांची सांगड घातली जाते आणि एकाने भुंकायला सुरुवात केली की गल्ली रिकामी. यावर कुणी जॅकेट काढून जातं, पण ते गल्लीत ठीक, वाहत्या रस्त्यावर नाही. अंगाला घट्ट बसणारं, न वाजणारं जॅकेट आणि कडेकडेने शांतपणे जाणं हाच मधला रस्ता.

अडकणं आणि धुणं

रस्त्याच्या कामगाराला नसलेला धोका म्हणजे जॅकेटच धरलं जाणं. कुत्र्याने कापडाचं टोक तोंडात धरलं किंवा गाईचं शिंग बंडीच्या बगलेत घुसलं तर माणूस सोबत ओढला जातो. त्यासाठी खांद्यावर आणि बाजूला वेल्क्रो असलेली, जोर आला की सुटणारी बंडी मिळते, या कामाला तीच घ्यावी. लोंबत्या दोऱ्या, गळ्यातलं ओळखपत्र, मोठे उघडे खिसे नकोत. आणि हाय-व्हिज कापड चावा अडवत नाही, त्याला वेगळे जाड हातमोजे आणि बाहीचं कवच लागतं, हे नव्या माणसाला सांगावं लागतं कारण जाड जॅकेट घातलं की उगाच धीर येतो.

धुण्याचा मामला सगळ्यात अवघड. जॅकेटला लाळ, रक्त, मूत्र, शेण लागणार हे गृहीत धरायचं. रेबीजचा विषाणू बाहेरून स्निग्ध आवरणाचा असल्यामुळे साबणाच्या पाण्याने मरतो, पण कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू चिवट असतो आणि त्यावर क्लोरीनचं ब्लीच चांगलं चालतं, आणि नेमकं ब्लीचच फ्लोरोसंट रंगाला मारतं, बहुतेक जॅकेटच्या लेबलवर ब्लीच वापरू नका अशी खूण असतेच. म्हणजे जंतू मारावे तर जॅकेट मरतं. याच्यातून निघायचं तर पिंजऱ्याच्या आणि हाताळणीच्या कामाला वरून टाकाऊ किंवा ब्लीच चालेल असा एप्रन घालायचा, रस्त्यावर उतरताना तो काढायचा, आणि जॅकेट शक्यतो घाण होऊच द्यायचं नाही. घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुवायला देणं तर अजिबात नको, धुण्याची सोय ऑफिसनेच करायची.

प्रत्येक धुण्यात पट्टीतले मणी थोडे थोडे गळतात, आणि मण्यांची पट्टी ओली असताना आधीच कमी चमकते, म्हणून पावसात जुनं जॅकेट म्हणजे जवळपास नसल्यासारखंच. लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते चालेल याचा आकडा बऱ्याचदा छापलेला असतो, तो कुणी मोजत नाही. पाठीवर विभागाचं नाव छापतानाही पट्टी झाकली जाणार नाही आणि कापडाचं क्षेत्रफळ क्लासच्या खाली उतरणार नाही हे बघावं लागतं, नावाची अक्षरं जितकी मोठी तितकं फ्लोरोसंट कापड कमी. नाव मात्र हवंच, कुत्र्याला फास लावणाऱ्या माणसाभोवती गर्दी जमते, लोक चिडलेले असतात आणि हा कोण, कुणी पाठवला, हा पहिला प्रश्न पाठ वाचून सुटतो.

जुनं जॅकेट ठेवायचं की टाकायचं ते घरबसल्या बघता येतं. अंधाऱ्या खोलीत जुनं आणि नवं शेजारी टांगा, दहा पावलं मागे जा, मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून दोन्हीकडे बघा. टॉर्च पोटाशी धरून बघणारे फसतात, त्यांना नवंही मेलेलंच दिसतं.