जॉबच्या नावामागचं शेपूट: वेळेचं की रँडम?

कुबरनेटिस या अनेक संगणकांवर प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीत ‘बॅकअप’ नावाचा क्रॉनजॉब (वेळापत्रकानुसार दर फेरीला एक जॉब, म्हणजे एक काम, लावणारी सोय) लावला की जॉबच्या यादीत ‘बॅकअप-२९०३०५२०’, ‘बॅकअप-२९०३१९६०’ अशी नावं दिसू लागतात. त्या जॉबच्या पॉडचं (ज्यात काम प्रत्यक्ष चालतं त्या डब्याचं) नाव आणखी लांब असतं: तोच आकडा, पुढे डॅश आणि पाच अक्षरांचं कडबोळं. नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून सॉफ्टवेअरने काहीतरी चिकटवलंय, असं म्हणून बरेच जण दोन्ही शेपटं एकाच मापाने मोजतात. पण यातलं एक शेपूट दुबार काम अडवतं आणि दुसरं त्याला सरळ वाट देतं.

आधी आकडा. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी) सरलेली ही मिनिटं आहेत. २९०३०५२० म्हणजे १३ मार्च २०२५, पहाटेचे २. दुसऱ्या नावातला आकडा बरोबर १,४४० ने जास्त आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशीची तीच वेळ. यातली खरी मेख अशी, की ही जॉब प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ नाही. वेळापत्रकात ठरलेली वेळ आहे. समजा जॉब तयार झाला आणि त्याची नोंद होण्याआधीच कंट्रोलर (वेळ झाली की जॉब तयार करणारा भाग) बंद पडला. पुन्हा उठल्यावर त्याने तीच फेरी नव्याने लावायचा प्रयत्न केला, तरी नाव तेच निघतं, आणि एका नेमस्पेसमध्ये (नावांच्या एका कप्प्यात) त्याच नावाचा दुसरा जॉब सर्व्हर घेतच नाही. नावच कुलूप बनतं. मला ही रचना फार आवडते.

मात्र जुना जॉब पुसला गेला की कुलूपही गेलं. वेगळं काही सांगितलं नसेल, तर क्रॉनजॉब यशस्वी झालेले शेवटचे ३ आणि फसलेला १ जॉबच ठेवतो. त्यामुळे काम दोनदा झालं तरी नुकसान होणार नाही, अशा बेताने लिहिणं टळत नाही. आणि हो, शेपटाला ११ अक्षरांची जागा लागते, म्हणून क्रॉनजॉबचं नाव ५२ अक्षरांच्या आत ठेवावं लागतं. जॉबच्या नावाची मर्यादा ६३ आहे.

आता पाच अक्षरं. जॉब पाठवताना पूर्ण नावाऐवजी ‘जनरेटनेम’मध्ये नुसती सुरुवात दिली, तर उरलेलं सर्व्हर स्वतः जोडतो. त्यासाठी २७ चिन्हं वापरली जातात; चुकून एखादा अभद्र शब्द तयार होऊ नये म्हणून स्वर वगळलेले आहेत. जुळण्या होतात सुमारे १ कोटी ४३ लाख, त्यामुळे टक्कर क्वचितच. पण नेमका इथेच घात होतो. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, उत्तर वाटेत हरवलं, स्क्रिप्टने ती पुन्हा पाठवली, की वेगळ्या शेपटाचा दुसरा जॉब उभा राहतो. सर्व्हरच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. एकच हिशेब दोनदा लागतो आणि कुठेही एरर दिसत नाही.

पॉडला मात्र रँडम शेपूटच शोभतं. रीस्टार्ट पॉलिसी ‘नेव्हर’ असताना (म्हणजे फसलेलं काम त्याच पॉडमध्ये पुन्हा सुरू करायचं नसताना) पॉड फसला, तर जॉब नवा पॉड उभा करतो आणि त्याला वेगळं नाव लागतंच. लॉग चाळताना आकडा तोच आणि अक्षरं बदललेली दिसली, तर ती त्याच फेरीची पुन्हा खटपट आहे. आकडाच बदलला असेल, तर ती पुढची फेरी.

संगणकांच्या समूहावर जॉब लावणाऱ्या स्लर्म या दुसऱ्या सॉफ्टवेअरने या वादातून अंग काढून घेतलंय. तिथे एकाच नावाचे कितीही जॉब चालतात, ओळख फक्त जॉब आयडीची. म्हणून तिथे नाव देऊन जॉब रद्द करताना जपा: त्या नावाचे तुमचे सगळेच जॉब जातात.

स्वतःच्या स्क्रिप्टमधून जॉब पाठवत असाल, तर ज्या दिवसाचा किंवा तासाचा डेटा आहे, तो नावात घाला आणि ‘हे नाव आधीच आहे’ असं उत्तर आलं तर काम लागलेलं आहे असं समजा. चाचणीसाठी तेच काम मुद्दाम पुन्हापुन्हा चालवायचं असेल, तेव्हा जनरेटनेम वापरा.