पाटीच्या दगडाचे छप्पर आणि नाशिकचे ऊन : पार्श्वभूमी

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांवर कौले दिसतात, पाटीचा दगड नाही. त्याचे कारण जमिनीत आहे. नाशिक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थंड झालेल्या काळ्या बसाल्टवर वसले आहे. त्याचे चिरे निघतात, घाट बांधता येतात, पण पातळ पापुद्रे सुटत नाहीत. पाटीचा दगड बनतो चिखलाचे थर प्रचंड दाबाखाली भाजून निघाले की. तो सापडतो वेल्समध्ये, हिमाचलात, आंध्रातल्या मार्कापूरला.

म्हणून इथे कुंभारांची नळीची कौले होती. ती रिपांवर, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर, नुसती रचलेली; दर वैशाखात शाकारावी, म्हणजे काढून पुन्हा नीट रचावी लागत. १८६५ मध्ये बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला यंत्राची कौले काढायला सुरुवात केली. ती एकमेकांत अडकणारी होती, आणि आगगाडीमुळे घाटावर पोचणेही सोपे झाले. शाकारणीचा त्रास कमी झाला, तशी शाकारणारे हातही कमी झाले.

आता ट्रकने आणलेला पाटीचा दगड नव्या बंगल्यांवर चढतो आहे, आणि दोन-चार उन्हाळ्यांत तक्रार येते की उन्हाने छप्पर गेले. माझ्या मते उन्हाला सरसकट दोष देणे चुकीचे आहे. चांगला दगड उन्हाने फारसा झिजत नाही. हलक्या प्रतीच्या दगडात लोहमाक्षिकाचे (लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे, पायराइटचे) कण असतात. हवा-पाण्याने ते गंजतात, तांबूस ओघळ उतरतात आणि तिथून पापुद्रे सुटू लागतात. दुसरे दुखणे खिळ्याचे. एप्रिलच्या दुपारी काळा दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि त्यावर वळवाची सर पडली की झटक्यात आकसतो. खिळा आवळून ठोकलेला असेल तर भोकापासूनच तडा जातो. लोखंडी खिळा तर दगडाच्या कितीतरी आधी गंजून सुटतो.

तेव्हा आधी बोटाने टकटक करून पाहावे. खणखणीत वाजला तर दगड शाबूत, बद्द वाजला तर आत फुटलेला. फुटलेला तेवढाच काढावा, त्याच खाणीचा नवा तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या खिळ्यावर लोंबता ठेवावा. वरून रंग किंवा चकचकीत लेप कृपा करून देऊ नका. ओल आत कोंडते. दगडावर थेट पाय देऊ नये, शिडी आढ्याला अडकवूनच चढावे. ही कामे मे महिन्यातच उरकावीत, मृगाची वाट पाहू नये.