जळक्या सीएफएलचा एलईडी दिवा

उडालेल्या सीएफएलची काचेची नळी आणि आतले सर्किट काढून, त्याच्याच पिनांच्या टोपीत व प्लॅस्टिकच्या बुडात एलईडी आणि त्यांचा ड्रायव्हर (एलईडींना योग्य तेवढी वीज देणारे सर्किट) बसवून तयार केलेला दिवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या सीमाभागातल्या गावांत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचे काम शिकणारी मुले आणि घरी सोल्डरिंग गन बाळगणारे हौशी लोक असे दिवे करतात. नवा एलईडी बल्ब शंभर रुपयांच्या आसपास मिळू लागल्यापासून यात पैशाची बचत फारशी उरलेली नाही. तरी घरातल्या विजेचे काम हाताने शिकायला इतके सोयीचे साधन दुसरे नाही. मात्र तेच निष्काळजीपणे केले तर जिवावर बेतू शकते.

वेटोळ्या नळीचा सीएफएल जनरल इलेक्ट्रिकमधील एडवर्ड हॅमर यांनी १९७६ मध्ये तयार केला. आपल्याकडे तो घरोघरी पोचला २००० नंतर, आणि २००९ मध्ये स्वस्तात सीएफएल देणाऱ्या केंद्राच्या बचत लॅम्प योजनेने त्याला आणखी जोर दिला. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. त्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी जानेवारीत स्वस्त एलईडी बल्ब देणारी केंद्राची उजाला योजना सुरू झाली, ती कर्नाटकात ‘होस बेळकू’ या नावाने आली. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरला. माळ्यावर, कपाटात आणि दुकानांच्या खोक्यांत पडून राहिलेले सीएफएल हे या झपाट्याचे उरलेले ओझे आहे.

सीएफएल जातो त्याची कारणे मुख्यतः दोन. नळीच्या टोकांना काळे डाग पडलेले असतील तर आतली फिलॅमेंट संपलेली असते. नळी पांढरी स्वच्छ असूनही दिवा लागत नसेल तर दोष सर्किटात, बहुधा डोके फुगलेल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) किंवा शॉर्ट झालेल्या १३००१, १३००३ या जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये असतो. दिवा करायला दोन्ही प्रकार चालतात.

उघडताना नळीला हात लावून पिळायचे नाही, हा पहिला नियम. प्लॅस्टिकचे बूड दोन भागांचे असते आणि ते खाचांनी एकमेकांत अडकवलेले असतात. सांध्यात पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून, गोल फिरत, थोडा थोडा दाब दिला की एकेक खाच टक् करून सुटते. वरच्या भागात नळीचे पाय पांढऱ्या सिमेंटने पक्के बसवलेले असतात. नळीच्या चार बारीक तारा सर्किटच्या पट्टीवरच्या चार खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या उलट्या फिरवून सोडवाव्यात. नुकत्याच बंद केलेल्या दिव्यातील ४०० व्होल्टचा कपॅसिटर भरलेला असू शकतो. त्याची दोन टोके स्क्रू ड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडणे ही वाईट सवय आहे. १० किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद टेकवला की तो शांतपणे रिकामा होतो.

जुन्या पट्टीवरचे सगळे फेकण्यासारखे नसते. १एन४००७ जातीचे चार डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि टोपीकडून येणाऱ्या वायरीतला फ्यूजचे काम करणारा रेझिस्टर तपासून घेतले तर पुन्हा वापरता येतात. हा रेझिस्टर अनेकजण कापून टाकतात आणि वायर सरळ जोडतात. शॉर्ट झाला तर आग लागण्याआधी तुटणारी ती एकमेव जागा असते, तेव्हा तो ठेवलाच पाहिजे. पट्टी चालू असेल तर तिच्याच आउटपुटवर एलईडी जोडण्याचा मोह होतो. पण ते आउटपुट सेकंदाला तीस-चाळीस हजार कंपनांचे असते. १एन४००७ तिथे टिकत नाही, वेगवान डायोड लागतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

एलईडीला वीज देण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे कपॅसिटरची. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत (सिरीजमध्ये) घालून पुढे चार डायोडांचा ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारी जोडणी, आणि त्यावर ३० एलईडींची माळ. प्रत्येक एलईडी ३ व्होल्ट धरला तर माळ ९० व्होल्टची होते. २३० व्होल्टच्या लाईनवर तिच्यातून सुमारे २२ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे दिवा जेमतेम २ वॅटचा. देवघर, जिना, रात्रीचा दिवा यांना एवढे पुरते. कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स२ खुणेचाच (थेट लाईनवर वापरण्यासाठी बनवलेला) हवा. त्याच्या दोन टोकांवर १ मेगओहमचा रेझिस्टर लावावा, नाहीतर दिवा काढल्यावर पिनांचा झटका बसतो. सुरुवातीचा धक्का सोसायला ओळीत १०० ओहमचा रेझिस्टर लागतो.

या रीतीची उणीव गावाकडे लगेच कळते. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू असताना लाईन १८० व्होल्टवर आली की हाच करंट १५ मिलिअँपिअरवर येतो आणि उजेड मरतो, रात्री व्होल्टेज चढले की तो २५ च्याही पुढे जातो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा लाईनवरचा धक्का सरळ एलईडींपर्यंत पोचतो. म्हणून रोजच्या वापराच्या दिव्यात करंट स्थिर ठेवणारा तयार ड्रायव्हर घालावा. दुरुस्तीच्या सुट्या सामानात तो आणि अॅल्युमिनियमवर एलईडी बसवलेली गोल प्लेट अशी जोडी सहज मिळते.

सगळ्यात मोठा धोका उघड्या प्लेटचा. अशा स्वस्त ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरने लाईनपासून केलेली फारकत नसते, त्यामुळे एलईडींचे सोल्डर लाईनच्या विजेवरच असतात आणि अॅल्युमिनियमपासून त्यांना फक्त एक पातळ थर वेगळा ठेवतो. आपला पिन होल्डर बल्ब दोन्ही बाजूंनी बसू देतो, तेव्हा फेज कोणत्या वायरीत येईल याचा नेम नाही. बंद पडलेल्या एलईडी बल्बचा दुधी घुमट वर घट्ट बसवल्याशिवाय दिवा होल्डरमध्ये जाता कामा नये. न्हाणीघर आणि गोठा या ओल्या जागांना घरी केलेला दिवा लावूच नये.

उष्णतेचा विचारही लोक कमी करतात. एलईडी थंड जळतो हा समज अर्धाच खरा आहे. त्याला मिळालेल्या विजेतला मोठा भाग उष्णताच होतो, फक्त ती पुढे न जाता मागे प्लेटमध्ये उतरते. सीएफएलचे बूड प्लॅस्टिकचे, ते उष्णता बाहेर टाकत नाही. म्हणून ९ वॅटची प्लेट त्यात कोंबू नये, ५ वॅटवर थांबावे. नळीच्या पायांची रिकामी भोके हवेसाठी उघडी राहतील अशी प्लेट बसवावी. मात्र त्यातून तार किंवा बोट आत जाईल इतकी मोठी भोके बुजवावीत.

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. मागावर तुटलेला धागा नजरेला पडायला वरून चांगला उजेड लागतो, आणि तिथे कपॅसिटरवरचा साधा दिवा योग्य नाही. ब्रिजनंतर विजेचे चढउतार गाळणारा कपॅसिटर नसेल तर असा दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, पण हलणारा धोटा किंवा फिरणारे चाक त्या उजेडात तुटक, कधी थांबल्यासारखे दिसू शकते. यंत्राशेजारी ही फसगत घातक आहे. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला आणि पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा मागापाशी लावू नये.

तयार दिवा थेट लाईनवर लावण्याआधी जाणता कारागीर तो सिरीज बोर्डावर तपासतो. बोर्डावर ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब नव्या दिव्याच्या ओळीत असतो. बटण दाबल्यावर पिवळा बल्ब क्षणभर चमकून विझला आणि एलईडी लागला तर जोडणी बरोबर. पिवळा बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ही साधी युक्ती घरातला फ्यूज वाचवते आणि समोरच्याचा चेहराही.

पावसाळ्यात झाड पडून लाईट जाते तेव्हा वापरायला काहीजण याच बुडात १२ व्होल्ट बॅटरीचा दिवा करतात. तीन एलईडींची ओळ आणि २२० ओहमचा रेझिस्टर, अशा चार-पाच ओळी एकमेकींना समांतर. उजेड बेताचा पण डोळ्याला निवांत. मात्र त्याची पिनांची टोपी कापून टाकलीच पाहिजे. ती तशीच ठेवली तर घरातले कोणीतरी कधीतरी तो दिवा २३० व्होल्टच्या होल्डरमध्ये खोचणार, आणि बॅटरीचा दिवा हातातच फुटणार.

काढलेली नळी जळालेली असली तरी तिच्यातला पारा तसाच असतो, साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. नळी फुटली तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोली मोकळी सोडावी. झाडूने झाडू नये, त्याने पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे गोळा करावेत, उरलेली भुकटी चिकटपट्टीने टिपावी आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. अखंड नळ्या जुन्या खोक्यातच उभ्या ठेवाव्यात. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे येतात, त्यामुळे ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नसून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यायचे असतात. भंगारवाल्याला सीएफएल देताना त्याला फक्त टोपीचा धातू हवा असतो आणि तो नळी जागच्या जागी फोडतो. तेव्हा बूड आपण वापरले तरी नळी त्याच्या हाती देऊ नये.