पाण्यात तरंगणारा कण जागेवर धरायचा कसा?

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला परागकणांमधून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून हे घडते, असे गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडले. कण जितका लहान तितका तो जास्त भरकटतो. प्रथिनाचा एखादा रेणू तर सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशझोतातून मिलिसेकंदभरात निसटतो.

विजेने असे कण सरकतात, हे १८०७ पासून ठाऊक होते. मॉस्कोत फर्डिनांड रॉइस यांनी चिकणमातीच्या कणांवर तो प्रयोग केला होता. पण सरकवणे सोपे, धरून ठेवणे अवघड. स्थिर विद्युतक्षेत्रात भारित कण एका बाजूने आवळला की दुसऱ्या बाजूने सुटतो, हे इंग्लिश गणितज्ञ सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये सिद्ध केले. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीतून वाट काढण्याचा आहे.

असमान विद्युतक्षेत्राने कण ओढले जाण्याला हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये ‘डायइलेक्ट्रोफोरेसिस’ हे नाव दिले. असमान क्षेत्र भार नसलेल्या कणालाही ओढते, आणि ते उलटसुलट होणारे असले तरी चालते. १९६६ मध्ये त्यांनी याच युक्तीने यीस्टच्या जिवंत आणि मृत पेशी वेगळ्या केल्या. मात्र हे बल कणाच्या आकारमानावर ठरते. त्रिज्या दहापट घटली की बल हजारपट घटते. अॅश्किन यांच्या १९८६ च्या प्रकाशचिमट्यालाही (लेझरच्या झोताने कण पकडण्याच्या युक्तीलाही) हीच मर्यादा होती.

२००५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये अॅडम कोहेन आणि डब्ल्यू. ई. मोर्नर यांनी वेगळाच विचार केला. कॅमेऱ्याने चमकणारा कण पाहायचा, तो किती सरकला हे संगणकाने काढायचे आणि चार इलेक्ट्रोडांवर लगेच तेवढाच व्होल्टेज देऊन त्याला मागे ढकलायचे. इथे क्षेत्र स्थिर नसतेच, ते कणाच्या प्रत्येक धक्क्याला उत्तर देत राहते. त्यामुळे एकेक रेणू न चिकटवता, मोकळ्या द्रवात न्याहाळता आला.

२०१० मध्ये झुरिचमध्ये माधवी कृष्णन आणि सहकाऱ्यांनी तर बाहेरचा व्होल्टेजही वगळला. पाण्यात काचेवर आपोआप ऋणभार येतो. अरुंद फटीच्या भिंतीत खळगे कोरले की ऋणभारित कण खळग्यात विसावतो, कारण तिथे भिंती कणापासून दूर असतात. अर्नशॉचा नियम इथे आड येत नाही. तो भाररहित जागेला लागू आहे आणि पाण्यात तर आयन, म्हणजे भारित अणू किंवा रेणू, विखुरलेले असतात. पण तेच आयन वाढले की भिंतीचे बल झाकले जाते. शरीरातल्या द्रवांइतक्या खारट पाण्यात त्याचा पल्ला एका नॅनोमीटरहूनही कमी उरतो, म्हणून हे प्रयोग बहुतेक अगदी कमी क्षाराच्या पाण्यात करावे लागतात.