खाटा मोजल्या की देशाची तयारी कळते?

‘ज्या देशात दवाखाने आणि व्हेंटिलेटर जास्त, तो देश साथीला तोंड द्यायला तयार.’ हा मजकूर अधूनमधून फिरत असतो. तसं वाटणं स्वाभाविकच आहे, कारण खाटा डोळ्यांना दिसतात.

पण खाट लागते ती माणूस आजारी पडल्यावर. साथ त्याआधीच सुरू झालेली असते. एखाद्या भागात नेहमीपेक्षा जास्त तापाचे रुग्ण येताहेत, हे कुणाच्या लक्षात आलं का? नमुना प्रयोगशाळेत किती दिवसांत पोचला? निकाल कळल्यावर निर्णय कोण घेणार, हे आधी ठरलं होतं का? खरी तयारी इथे दिसते. म्हणून तज्ज्ञ ‘७-१-७’ हा निकष वापरतात: ७ दिवसांत साथ ओळखणं, १ दिवसात कळवणं, ७ दिवसांत सुरुवातीची उपाययोजना पूर्ण करणं. खाटांचा त्यात उल्लेखही नाही! अर्थात खाटा बिनकामाच्या नाहीत. रुग्ण वाढले की त्यांच्यावाचून भागत नाही.

पडताळायचं कसं? २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार देश दरवर्षी आपल्या क्षमतांचा अहवाल देतात. शिवाय बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून ऐच्छिक मूल्यमापनही होतं. त्यात प्रत्येक निकषाला १ ते ५ गुण असतात आणि अनेक देशांचे अहवाल खुले आहेत. एकूण आकड्यापेक्षा रोगसर्वेक्षण, प्रयोगशाळा, मनुष्यबळ यांचे गुण वेगवेगळे पाहा. गुणही कागदावरचेच, त्यामुळे मागच्या साथीत प्रत्यक्षात किती दिवस लागले तेही सोबत तपासा.