ग्रासहॉपर (पॅरामेट्रिक डिझाइन)

ग्रासहॉपर : राइनो या त्रिमितीय आरेखन प्रणालीत चालणारे दृश्य प्रोग्रॅमिंगचे साधन. वास्तुरचना, फर्निचर, दागिने, वस्तूंचे डिझाइन आणि सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने कापणारे) किंवा लेझर यंत्रावरची निर्मिती यांसाठी ते वापरतात. यात आकार थेट काढत नाहीत, तो कसा घडावा याची कृती मांडतात. पडद्यावर लहान चौकोनी कंपोनंट ठेवायचे, ते वायरने एकमेकांना जोडायचे आणि लांबी, संख्या, कोन यांसारखी प्राचले (पॅरामीटर) स्लायडरने कमीजास्त करायची. स्लायडर हलला की त्यावर अवलंबून असलेली सगळी रचना नव्याने गणली जाते. कंपोनंट आणि वायर यांच्या या जुळणीला डेफिनिशन म्हणतात.

पूर्वपीठिका : नात्यांतून आकार काढण्याची ही रीत संगणकाहून जुनी आहे. स्पेनचा वास्तुविशारद आंतोनी गौदी याने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी दोऱ्यांना छर्‍यांच्या लहान पिशव्या टांगून प्रतिकृती केली होती. एखादी दोरी लांब केली किंवा एखादे वजन बदलले की सगळी प्रतिकृती आपोआप नवा तोल घेई. ती उलटी पाहिली की कमानींचा आकार मिळे. इटलीचा वास्तुविशारद लुइजी मोरेत्ती याने १९६० मध्ये मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात स्टेडियमच्या प्रतिकृती मांडल्या. प्रेक्षकाला मैदान कसे दिसते, यावर त्यांचा आकार ठरवला होता. १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली केली. दोन रेषा समांतर राहाव्यात, दोन लांब्या सारख्या राहाव्यात अशा अटी त्यात घालता येत.

तरीही प्रत्यक्ष इमारतीसाठी ही रीत वापरायला दीर्घकाळ गणितज्ञच लागे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रेट कोर्टचे छत २००० मध्ये खुले झाले. गोल वाचनालय आणि चौकोनी अंगण यांना जोडणाऱ्या त्या छतात ३,३१२ काचा आहेत. जाळीची भूमिती क्रिस विल्यम्स यांनी त्यासाठी खास प्रोग्रॅम लिहून काढली. असे काम आज आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षातले मूल लहान प्रमाणावर करून पाहू शकते, आणि याचे मोठे श्रेय ग्रासहॉपरचे आहे.

राइनो ही सिएटलच्या रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स या कंपनीची प्रणाली. तिथले डेव्हिड रटन यांनी २००७ मध्ये राइनोच्या चौथ्या आवृत्तीसाठी ‘एक्सप्लिसिट हिस्टरी’ नावाचे जोडसाधन तयार केले. लवकरच त्याचे नाव ग्रासहॉपर झाले. ते अनेक वर्षे वेगळे, विनाशुल्क उतरवून घ्यावे लागे. २०१८ मधील सहाव्या आवृत्तीपासून ते राइनोचाच भाग आहे. याच जातकुळीतली दुसरी साधने म्हणजे बेंटली कंपनीचे जनरेटिव्ह कंपोनंट्स आणि रेव्हिट या इमारत-आरेखनाच्या प्रणालीसोबत चालणारे डायनॅमो.

डेटाची रचना : ग्रासहॉपर शिकणारा माणूस बहुधा वळणदार आकारांच्या ओढीने येतो. तो अडतो मात्र डेटाच्या रचनेपाशी. वायरमधून वाहणारी गोष्ट एकच असू शकते, यादी असू शकते किंवा डेटा ट्री, म्हणजे फांद्यांत विभागलेल्या अनेक याद्या. वायर पाहूनही हे कळते: एक वस्तू असेल तर एकेरी रेघ, यादी असेल तर दुहेरी, ट्री असेल तर तुटक दुहेरी. शिकवताना ही ओळख पहिल्याच दिवशी करून द्यायला हवी. प्रत्यक्षात अनेक अभ्यासक्रमांत ती फार उशिरा येते, आणि तोवर विद्यार्थ्याने ‘फ्लॅटन’ आणि ‘ग्राफ्ट’ ही बटणे अंदाजाने दाबून पाहण्याची सवय लावून घेतलेली असते. फ्लॅटनने सगळ्या फांद्या मोडून एक यादी होते. ग्राफ्टने प्रत्येक वस्तूला स्वतंत्र फांदी मिळते. १० बिंदू दुसऱ्या १० बिंदूंना जोडले तर १० रेषा येतात. त्यांतल्या एका बाजूला ग्राफ्ट लावले की प्रत्येक बिंदू समोरच्या प्रत्येकाशी जोडला जातो आणि रेषा १०० होतात.

एक साधी जाळी घेऊन हे जवळून पाहता येते. ५० मिमीच्या चौकटी, एका दिशेला १० आणि दुसरीला १२. प्रत्येक ठिकाणी एक गोल छिद्र. आणि ठरवलेल्या एका बिंदूच्या जवळ छिद्रे मोठी, लांब जावे तशी लहान. त्रिज्या ५ ते २० मिमी. ‘स्क्वेअर ग्रिड’ हा कंपोनंट चौकटी १२० देतो, पण त्यांच्या कोपऱ्यांचे बिंदू १४३ देतो, कारण ते ११ गुणिले १३ असतात. हे बिंदू ११ फांद्यांत, प्रत्येकी १३ असे येतात. ठरवलेल्या बिंदूपासून प्रत्येकाचे अंतर काढले की अंतरेही त्याच ११ फांद्यांत राहतात. आता ही अंतरे २० ते ५ या पल्ल्यात बसवायची, म्हणून ‘बाउंड्स’ने त्यांतले सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे अंतर विचारायचे. बाउंड्स प्रत्येक फांदीसाठी वेगळे उत्तर देतो. एक पल्ला हवा होता, मिळतात ११. परिणामी प्रत्येक ओळीत एक छिद्र २० मिमीचे आणि एक ५ मिमीचे येते, आणि बिंदूभोवती मोठ्या छिद्रांचे वर्तुळ दिसण्याऐवजी जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या छिद्रांचा पट्टा उमटतो. दिसायला तो छानच दिसतो. कुठलाही कंपोनंट लाल होत नाही, म्हणजे चूक दाखवत नाही. उपाय एवढाच की बाउंड्समध्ये जाणारा डेटा तेवढा फ्लॅटन करायचा आणि बाकीची ट्री तशीच ठेवायची.

पुढची चूक याहून लपून राहते. कोपऱ्यांवर छिद्रे घेतली की कडेची छिद्रे अर्धी कापली जातात, म्हणून डिझाइनर छिद्रे चौकटींच्या मध्यावर हलवतो. मध्यबिंदू १२०, पण त्रिज्या मात्र जुन्या १४३ बिंदूंवरून येत राहतात. दोन याद्या असमान असल्या की ग्रासहॉपर आखूड यादीतली शेवटची वस्तू पुन्हापुन्हा वापरतो. फांद्यांचेही तसेच. म्हणून १२० जागांवर १४३ वर्तुळे बनतात आणि जाळीच्या दोन कडांना २३ वर्तुळे दुसऱ्या वर्तुळांवर चढून बसतात. लांबून पाहिले तर सगळे ठीक वाटते. लेझर यंत्र मात्र ती दोन्ही वर्तुळे कापते.

दोषशोधन : कंपोनंटचा रंग हा पहिला संकेत. राखाडी म्हणजे चालू, नारिंगी म्हणजे इशारा, लाल म्हणजे चूक. नारिंगी बहुधा एवढेच सांगतो की एखाद्या तोंडाशी (इनपुटशी) डेटा पोहोचलेला नाही. लाल रंगाने नवशिका घाबरतो. खरे तर लाल हा प्रामाणिक दोष आहे, तो कुठे बिनसले ते दाखवतो. वेळ आणि साहित्य खाणारे दोष राखाडी असतात, वरच्या जाळीतल्यासारखे. ते सापडतात मोजणीने. संशयाच्या जागी ‘पॅनेल’ जोडून किती वस्तू आल्या ते वाचायचे, ‘पॅरॅम व्ह्यूअर’ लावून फांद्या पाहायच्या, आणि डाव्या टोकापासून एकेक कंपोनंट तपासत उजवीकडे यायचे. ‘इथे किती यायला हवेत?’ याचे उत्तर आधी कागदावर लिहून मग पडद्यावरचा आकडा पाहणारा विद्यार्थी इतरांपेक्षा फार लवकर तयार होतो.

काही सापळे सर्वांनाच भेटतात. उघड्या रेषेचे १० भाग केले तर बिंदू ११ येतात, वर्तुळाचे केले तर १०. यादीची मोजणी शून्यापासून होते. कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये घेतला जातो: ४५ अंश समजून ४५ लिहिले तर वस्तू सात पूर्ण फेऱ्या घेऊन वर सुमारे ५८ अंश फिरते, आणि ५८ अंश पाहणाऱ्याला ४५ च्या इतके जवळचे वाटतात की चूक नजरेतून निसटते. पृष्ठभागावर ०.५ हा मध्य समजून बिंदू मागितला आणि तो कुठेतरी कोपऱ्यात आला, तर त्या पृष्ठभागाला ‘रीपॅरामीटराइज’ केलेले नाही, म्हणजे त्याचे माप ० ते १ असे करून घेतलेले नाही, असे समजावे. लॉफ्ट, म्हणजे छेदरेषांवरून ताणलेला पृष्ठभाग, पिळवटला तर छेदरेषांच्या दिशा किंवा बंद वक्रांचे आरंभबिंदू जुळत नाहीत. एका घनातून दुसरा वजा होत नसेल तर बहुतेक वेळा त्यांतला एक कुठेतरी उघडा असतो, किंवा दोघांची पृष्ठे तंतोतंत एकावर एक आलेली असतात. सर्वेक्षणाच्या नकाशावरून घेतलेली रेखाटने मूळबिंदूपासून फार दूर असतात. अशा ठिकाणी गणनेची अचूकता घटते, म्हणून काम मूळबिंदूजवळ आणून करावे.

डेफिनिशन मंदावली तर ‘प्रोफायलर’ सुरू करावा. प्रत्येक कंपोनंटखाली लागलेला वेळ दिसतो. बहुतेकदा एकच कंपोनंट दोषी निघतो, आणि तो बहुधा घनांची वजाबाकी करणारा असतो. सपाट जाळीला घनाची गरजच नसते. बाहेरची चौकट आणि आतली वर्तुळे यांवरून ‘बाउंडरी सर्फेस’ काढला की काम होते, आणि लेझरसाठी तर नुसत्या रेषाच पुरतात. स्लायडर चुकून १० वरून १,००० वर गेला आणि जाळी दोन्ही दिशांना तेवढी झाली, तर दहा लाख चौकटींची मागणी होते आणि पडदा गोठतो. एस्केप दाबून गणना थांबवता येते. जड फाइल उघडण्याआधी सॉल्व्हर (गणना करणारा भाग) बंद ठेवणे हा त्याहून सुरक्षित मार्ग.

कुणाची मदत मागायची असेल तर राइनोतून घेतलेली भूमिती ‘इंटर्नलाइज’ करून, म्हणजे डेफिनिशनच्या आतच साठवून द्यावी, आणि अडलेला भाग तेवढाच वेगळा काढावा. शंभर कंपोनंटांच्या पसाऱ्याचे छायाचित्र पाठवून उत्तर मिळत नाही. तो भाग वेगळा काढताकाढताच अर्धे प्रश्न सुटतात.

जोडसाधने : डॅनियल पायकर यांचे कांगारू ताण, वजन आणि आधार यांचे अनुकरण करते. गौदीची टांगलेली प्रतिकृती त्यात काही मिनिटांत उभी राहते. कारांबा संरचनेचे विश्लेषण करते, लेडीबग ऊन, सावली आणि हवामानाचा हिशेब मांडते, तर ग्रासहॉपरमध्येच असलेला गालापागोस अनेक पर्याय तपासून दिलेल्या निकषाला उत्तम उतरणारा शोधतो. इंटरनेटवरून उतरवलेले जोडसाधन दिसत नसेल तर बहुधा विंडोजने ती फाइल अडवलेली असते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करून राइनो पुन्हा सुरू करावा. याद्या आणि फांद्या हाताला बसेपर्यंत नवशिक्याने ही साधने दूरच ठेवावीत. कांगारूचा आकार सुंदर येतो, पण तो का आला हे सांगता येत नसेल तर तो बदलताही येत नाही.

निर्मिती : ग्रासहॉपरची खरी परीक्षा कार्यशाळेत होते. स्वित्झर्लंडमधील फ्लेश येथील गांतेनबाइन वाइनरीच्या भिंतींसाठी ग्रामात्सिओ आणि कोहलर या वास्तुविशारदांनी ग्रासहॉपरच्याही आधी, २००६ मध्ये यंत्रमानवाकडून सुमारे २०,००० विटा रचून घेतल्या. प्रत्येक वीट ठरावीक कोनात फिरवलेली असल्याने लांबून भिंतीवर द्राक्षांचे घड दिसतात. असे काम पडद्यावरच्या नेमकेपणाइतकेच वीट, चिकटवणारे द्रव्य आणि यंत्राचा हात यांच्या ओळखीवर उभे असते.

लहान कामातही हेच. ग्रासहॉपरच्या आकड्यांना एकक नसते. ते राइनोच्या फाइलकडून येते. मीटरमध्ये ३ लांबीची केलेली भिंत मिलिमीटरच्या फाइलमध्ये ३ मिमीची होते. त्रिमितीय मुद्रणाच्या एसटीएल फाइलमध्येही एकक नोंदलेले नसते, म्हणून ते मुद्रण करणाऱ्याला तोंडी सांगावे लागते. १८ मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय व्हर्नियरने मोजला तर बहुधा भरत नाही, आणि खाचेत खाच बसवायच्या फर्निचरमध्ये तेवढ्याने सांधा खुळखुळतो. म्हणून जाडी हा स्लायडर ठेवावा आणि आणलेली शीट मोजून मगच आकडा भरावा. लेझर कापताना काही साहित्य जळून जाते. हा कर्फ एका तुकड्यावर चाचणी घेऊन मोजतात. सीएनसी राउटरचा बिट गोल असतो. ६ मिमीच्या बिटने आतला कोपरा काटकोनी निघत नाही, ३ मिमी त्रिज्येचा गोल राहतो, म्हणून कोपऱ्यात बिट थोडा पुढे जाईल अशी जास्तीची खाच द्यावी लागते. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक कोरलाच पाहिजे. दोनशे जवळपास सारख्या पट्ट्या टेबलावर पडल्यावर कुठली कुठे हे नजरेने ओळखता येत नाही.

जॉबवर्क करणाऱ्याकडे डीएक्सएफ (कापायच्या रेषांची) फाइल देण्याआधी एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकणे आणि वर्तुळांची संख्या पुन्हा मोजणे ही पाच मिनिटांची कामे आहेत. वरच्या जाळीत ती केली असती तर १२० ऐवजी १४३ हा आकडा तिथेच दिसला असता. मुंबई-पुण्यात लेझर आणि राउटरचे काम करून देणारे पुष्कळ आहेत. यंत्र हाताळत शिकायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने सुरू झालेली फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची कार्यशाळा, आहे. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

जतन : डेफिनिशन लवकर जुनी होते. वापरलेले जोडसाधन दुसऱ्या संगणकावर नसेल तर फाइल उघडताना त्याचे कंपोनंट गायब होतात आणि त्यांच्या वायरही तुटतात. म्हणून कामासोबत राइनोची आवृत्ती आणि जोडसाधनांची यादी पॅनेलमध्ये लिहून ठेवतात, कंपोनंटांचे गट करून त्यांना नावे देतात, आणि अंतिम भूमिती ‘बेक’ करून, म्हणजे पक्की करून, राइनोच्या फाइलमध्ये वेगळी साठवतात. बेक केलेली भूमिती स्लायडरने बदलत नाही, पण ती उघडायला कुठलेही जोडसाधन लागत नाही.